कारखान्यांतील शिकवणी

शिकणें व शिकविणें हीं कामें शाळेच्या आवारांतच संपतात, असा आपल्यापैकीं पुष्कळांचा समज असतो. मुलगा शाळा सोडून नोकरीस लागला, म्हणजे त्याचें शिक्षण पुरें झालें, आतां त्यानें कमवावें, असें आईबाप समाधानानें म्हणतात. वस्तुस्थिति निराळी आहे. नोकरीच्या पहिल्याच दिवशीं त्याच्यासाठीं एक नवी शाळा उघडते. फरक एवढाच कीं, या शाळेंत फळा नसतो, पाठ्यपुस्तक नसतें, आणि बहुधा शिक्षकही नसतो. शेजारच्या यंत्रावर जो कोणी उभा असेल, तोच गुरु. तो चांगला निघाला तर नशीब. नाहीं तर दोन महिन्यांत मुलगा वळकटी घेऊन घरीं परत येतो, आणि पोरगें कोठें टिकत नाहीं, अशी गांवांत कुजबूज सुरू होते.

मी या शाळेचा माजी विद्यार्थी. गेलीं अठरा वर्षें कोल्हापुराजवळच्या एका मशीन शॉपमध्यें कामास आहें, आणि त्यांतलीं शेवटचीं सात वर्षें नव्या मुलांस काम शिकविण्याची व्यवस्था माझ्याकडे आहे. संपादकांनीं विषयाचें बंधन घातलें नाहीं. म्हणून ज्या विषयांत माझे दिवस जातात, त्यावरच चार शब्द लिहितों. वाचकांपैकीं कित्येक मुलें लवकरच अशा एखाद्या दारांतून आंत शिरतील, आणि कित्येक पालकांचीं मुलें शिरलींही असतील.

काम शिकविण्याच्या दोन रीती आपल्याकडे प्रचारांत आहेत. पहिली उस्तादांची. नव्या मुलानें लोखंडाचा कीस झाडावा, यंत्र पुसावें, चहा आणावा आणि हें करतांना उस्तादाच्या हाताकडे डोळा ठेवावा. “बघून शिकायचं असतंय,” हा या शाळेचा एकमेव नियम. या रीतीनें मोठेमोठे कारागीर तयार झाले, हें मी नाकारीत नाहीं. पण त्यास वर्षें लागलीं, आणि मध्येंच जे गळाले त्यांची मोजदाद कोणीं ठेवली नाहीं. दुसरी रीत अलीकडची. एखादे सद्‌गृहस्थ शहरांतून येतात. गार खोलींत पडद्यावर चित्रें दाखवितात. मध्यें चहा-बिस्किटें होतात. शेवटीं एक कागद वांटला जातो, आणि कार्यक्रम कसा वाटला, यावर खुणा करावयाच्या असतात. सगळेजण “उत्तम” वर खूण करतात. कारण त्या दिवशीं उभें राहावें लागलें नाहीं! डोनाल्ड कर्कपॅट्रिक नांवाच्या अमेरिकन अभ्यासकानें १९५९ सालींच लिहून ठेविलें आहे कीं, शिकवणी आवडली कीं नाहीं, ही पहिली पायरी झाली. ती समजली काय, कामांत उतरली काय, आणि कामाचें फळ सुधारलें काय, हे पुढचे प्रश्न निराळे. आमच्याकडचा कागद पहिल्या पायरीवरच थांबतो.

या दोहोंच्या मधली एक वाट आहे, आणि ती नवी नाहीं. १९१७ सालीं अमेरिका पहिल्या महायुद्धांत उतरली, तेव्हां तिला जहाजें हवीं होतीं आणि जहाज बांधणारे हात पुरेसे नव्हते. शेतांतून व दुकानांतून आलेल्या हजारों माणसांस रिव्हेट मारावयास शिकवावयाचें कोणीं? मॅसॅच्युसेट्‌समध्यें धंदेशिक्षणाचें काम केलेल्या चार्ल्स ॲलन यांनीं याचें उत्तर असें दिलें कीं, जो काम जाणतो त्यालाच शिकवावयास शिकवा. शिकणाऱ्याचें मन तयार करणें, काम मांडून दाखविणें, त्याच्याकडून करवून घेणें आणि मग तपासणें, अशा चार पायऱ्या त्यांनीं आंखल्या, आणि १९१९ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला.

पुढें दुसरें महायुद्ध आलें. १९४० च्या ऑगस्टांत अमेरिकन सरकारनें “उद्योगांतर्गत शिक्षण” या नांवाचें एक खातेंच उघडलें. चॅनिंग डूली, वॉल्टर डीट्‌झ वगैरे कारखानदारींत मुरलेले गृहस्थ तें चालवीत. त्यांच्यापुढें आलेलें एक पहिलें कोडें भिंगें घासणाऱ्या कारागिरांचें होतें. दुर्बिणींसाठीं व नेम धरण्याच्या उपकरणांसाठीं भिंगें हवींत, आणि तीं घासणारा पक्का कारागीर तयार होण्यास वर्षें लागतात. त्यांनीं त्या कारागिराच्या दिवसभराच्या कामाची फोड केली, तेव्हां दिसून आलें कीं, त्यांतल्या पुष्कळ कामांस वर्षांच्या अनुभवाची गरजच नाहीं. तीं सोपीं कामें नवख्यांकडे दिलीं, अवघड तेवढीं मुरलेल्या हातांकडे ठेविलीं, आणि शिकण्याचा काळ कितीतरी घटला. याच खात्यानें मुकादमांसाठीं दहा तासांचा एक वर्ग काढला. रोज दोन तास, असे पांच दिवस, आणि एका वर्गांत सुमारें दहाच माणसें. १९४५ सालीं तें खातें बंद झालें, तोंपर्यंत साडेसोळा हजारांवर कारखान्यांतील सुमारें १७ लक्ष ५० हजार माणसें त्याच्या वर्गांतून शिकून बाहेर पडलीं होतीं. महायुद्धानंतर हीच रीत जपानांत गेली. टोयोटा कारखान्यानें ती उचलली आणि आपल्या अंगवळणीं पाडून घेतली.

त्या वर्गांतला एक प्रयोग मला फार आवडतो, आणि तो घरीं करून पाहतां येण्यासारखा आहे. विजेच्या दुहेरी तारेला आंतून एक विशिष्ट गांठ मारतात. हेतु हा कीं, बाहेरून ओढ बसली तरी जोड सुटूं नये. वर्ग चालविणारा एका मुकादमास पुढें बोलावी आणि ही गांठ कशी मारावयाची तें नुसतें तोंडानें सांगे: डावी तार अशी घे, उजवी तिच्या मागून काढ, वगैरे. गृहस्थ गोंधळून जाई. मग दुसऱ्यास बोलावून, तोंडांतून शब्द न काढतां, तो गांठ मारून दाखवी. त्यालाही जमत नसे. तिसऱ्याच्या वेळीं तो दाखवी, सांगे, मेख कोठें आहे तें थांबून सांगे, त्याच्याकडून करवून घेई व त्याच्याच तोंडून वदवी. आणि तिसरा गांठ बिनचूक मारी. नुसतें सांगणें आमच्या व्याख्यानांत झालें, आणि नुसतें दाखविणें उस्तादांच्या रीतींत. मुकादमांस खिशांत ठेवावयास जें लहानसें कार्ड मिळे, त्यावर सर्वांत खालीं एक विचार छापलेला असे. कामगार शिकला नसेल, तर शिकविणाऱ्यानें शिकविलेलें नाहीं, असा त्याचा आशय होता.

हा विचार वाचावयास सोपा आहे. मानावयास मात्र जड जातो, आणि तो मानला नाहीं तर काय होतें, त्याचा एक प्रसंग सांगतों.

दोन वर्षांपूर्वीं मीं आमच्या विभागाचा एक तक्ता केला. डावीकडे माणसांचीं नांवें, वर कामांचीं नांवें, आणि ज्यास जें काम बिनचूक येतें तेथें खूण. अशा तक्त्यास तासाभरापेक्षां अधिक वेळ लागत नाहीं, पण तो पाहून झोंप उडते. चार जबड्यांच्या चकावर बारीक मापाचें काम करणारे अवघे दोघे होते, आणि त्यांतले तात्या मिस्त्री सहा महिन्यांत निवृत्त व्हावयाचे होते. चौतीस वर्षांचा हात! त्यांच्याजागीं एक मुलगा तयार करावयाचा ठरलें, आणि राधानगरीकडून हेल्पर म्हणून आलेला, दहावी झालेला एक मुलगा त्यांच्या हाताखालीं दिला. घरीं थोडी कोरडवाहू जमीन. धाकटी बहीण नववींत. तिची शाळा या मुलाच्या पगारावर चाललेली.

चार दिवसांनीं तात्या माझ्याकडे आले. म्हणाले, “ह्येच्यानं व्हायचं न्हाई, साहेब. पोरगं चांगलं हाय, पर डोस्कं जड हाय.” वरिष्ठांनींही मान हालविली. महिनाअखेरीस मुलास निरोप द्यावा, असें बोलणें चाललें.

येथें वाचकांस थोडें यंत्र समजून घ्यावें लागेल. लेथवर वस्तु ज्यांत धरतात, त्यास चक म्हणतात. तीन जबड्यांच्या चकांत किल्ली फिरविली कीं तिन्ही जबडे एकदमच आंत सरकतात, आणि गोल वस्तु आपोआप मध्यावर येते. चार जबड्यांच्या चकांत प्रत्येक जबडा स्वतंत्र असतो. त्यामुळें त्यांत वेड्यावांकड्या आकाराची ओतीव वस्तुही धरतां येते, पण ती मध्यावर आणणें कारागिराच्या हातीं राहतें. वस्तूच्या आधीं कातलेल्या भागास डायल टेकवावी, चक हातानें सावकाश फिरवावा, कांटा कोठें सर्वांत पुढें जातो व कोठें सर्वांत मागें येतो तें पाहावें, आणि समोरासमोरच्या दोन जबड्यांपैकीं एक सैल, दुसरा घट्ट करीत वस्तु सरकवावी. मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे डायलवरचें एक घर.

मीं मुलास यंत्रापाशीं उभें केलें आणि सांगितलें, “काम कर, पण करतांना बोलत राहा. काय दिसतंय, काय करतोयस, सगळं मोठ्यानं सांग.” प्रथम तो लाजला. मग बोलूं लागला. “ह्या बाजूला शून्य हाय. समोरच्या बाजूला चाळीस हाय. म्हंजी चाळीस सरकवायचं.” त्यानें अगदीं काळजीपूर्वक चाळीस घरें वस्तु सरकविली, चक फिरविला, आणि आतां दुसरी बाजू चाळीस घरें पुढें आली. त्यानें पुन्हां चाळीस सरकविलीं. वस्तु पहिल्या जागीं परत! चार दिवस हेंच चाललें होतें.

“चाळीस सरकवायचं, हें तुला कोणी सांगितलं?” मीं विचारलें.

“कुणी न्हाई, साहेब. डायलच सांगतीया की.”

या उत्तरांत जड डोकें कोठें दिसतें? डायलचा आंकडा त्यानें बरोबर वाचला होता, हात बरोबर चालला होता, आणि त्याचा तर्कही सरळ होता. एकच गोष्ट त्यास ठाऊक नव्हती, आणि ती स्वतःहून सुचण्यासारखी नव्हती: फरक चाळीस दिसला, तर वस्तु वीसच सरकवावयाची. पुठ्ठ्याची एक गोल चकती कापून तिच्या मध्यापासून एक मिलिमीटर बाजूला टांचणी टोंचा व फिरवा. कडेचा एक भाग एक मिलिमीटर पुढें येईल आणि समोरचा तितकाच मागें जाईल. पाहणाऱ्यास फरक दोन मिलिमीटरांचा दिसेल, पण टांचणी चुकली आहे ती एकच. डायल नेहमीं दुप्पट बोलते.

मी तात्यांकडे गेलों व विचारलें, “तात्या, तुम्ही पुरा फरक सरकवता कीं निम्मा?” त्यांनीं लगेच उत्तर दिलें नाहीं. किल्ली हातांत घेतली, मोकळ्या चकावर हात दोनदां फिरवून पाहिला, आणि म्हणाले, “निम्मंच की. निम्मंच सरकवतो मी.” थोडें थांबून म्हणाले, “पर हे सांगाय पायजे व्हय?”

तात्यांस दोष देण्यासाठीं मी हें लिहीत नाहीं. त्यांच्याइतका मायाळू मिस्त्री मीं पाहिला नाहीं. त्या मुलास ते आपल्या डब्यांतली भाकरी देत. त्यांनीं कांहीं लपविलेंही नव्हतें. चौतीस वर्षांत तें ज्ञान त्यांच्या जिभेवरून उतरून हातांत गेलें होतें, आणि हातांतलें ज्ञान मालकासही दिसत नाहीं. जो काम उत्तम जाणतो, तोच तें सांगतांना सर्वांत अधिक गाळतो. कारण जें त्यास अवघड वाटत नाहीं, तें सांगण्यासारखें आहे, असें त्यास वाटतच नाहीं. गणितांत हुशार असलेल्या मोठ्या भावाकडून उदाहरण समजून घेतांना रडकुंडीस आलेल्या धाकट्या भावंडांस हें पटेल.

“निम्मा” हा एक शब्द कळल्यावर मुलानें तिसऱ्या खेपेस वस्तु दोन घरांच्या आंत आणली. महिनाअखेरचा निरोप बारगळला.

पण एका मुलाची अडचण दैवयोगानें सांपडली, म्हणून पुढच्याची सांपडेल असें नाहीं. म्हणून मीं तीन दिवस दुपारीं तात्यांशेजारीं स्टूल टाकून बसलों. ते काम करीत, आणि त्यांच्या प्रत्येक हालचालीस मी “हें कां?” असें विचारीं. पहिल्या दिवशीं ते वैतागले, दुसऱ्या दिवशीं हंसले, तिसऱ्या दिवशीं आपण होऊन सांगूं लागले. आधीं एक जबडा किंचित् सैल, मगच समोरचा घट्ट. नाहीं तर वस्तु दबते आणि माप खोटें येतें. एका वेळीं एकच जोडी हातीं घ्यावयाची. चारींशीं एकदम खेळलें तर दिवस जातो. चक हातानें फिरविण्याआधीं गिअर सुटा करावयाचा. शेवटचा आवळ चारी जबड्यांस थोडाथोडा द्यावयाचा, आणि मग डायल पुन्हां पाहावयाची, कारण आवळतांना वस्तु सरकते. आणि किल्ली चकांत असतां तिच्यावरचा हात काढावयाचा नाहीं, कोणीं हांक मारली तरी नाहीं. विसरलेली किल्ली यंत्र सुरू होतांच गोळीसारखी उडते. तात्यांच्या भुवईवर एक जुना व्रण होता. तो कशाचा, हें मला त्या दिवशीं कळलें. चौतीस वर्षांत त्यांनीं तो कोणा शिकाऊ मुलास सांगितला नव्हता.

हें सारें एका कागदावर आलें. डाव्या बाजूस कामाच्या सात पायऱ्या, उजव्या बाजूस त्या त्या पायरीची मेख, आणि प्रत्येक मेखेपुढें तिचें कारण. कारण लिहिणें मला फार महत्त्वाचें वाटतें. “किल्ली काढ” असें नुसतें सांगितलेला मुलगा घाईंत विसरेल. ती उडून कोठें लागते हें ऐकलेला सहसा विसरणार नाहीं. हल्लीं आमच्याकडे ओडिशा-बिहाराकडचीं मुलेंही येतात. त्यांस मराठी वाचतां येत नाहीं. म्हणून कागदावर चित्रें काढून घेतलीं, आणि “निम्मा” हें चित्रानें दाखवावयास सर्वांत अधिक त्रास पडला. अखेर भाकरीचें चित्र काढून तिचे दोन भाग केले!

कागद तयार झाला म्हणजे शिकवणी झाली, असें मात्र नव्हे. तो शिकविणाऱ्यासाठीं आहे, भिंतीवर चिकटविण्यासाठीं नव्हे. सातही पायऱ्या मी एका दिवसांत देत नाहीं. पहिल्या दिवशीं नुसता खडू धरून वस्तूची पुढें आलेली बाजू ओळखणें; डायल दुसऱ्या दिवशीं. मुलगा आधीं मुकाट्यानें करून दाखवितो, चुकला तर तेथल्या तेथें थांबवितों. मग तो बोलत करतो. मग मेखा सांगत करतो. त्याला पक्कें येतें अशी माझी खात्री झाली कीं त्यास एकटा सोडतों, पण अडल्यास कोणाकडे जावयाचें त्या माणसाचें नांव सांगून ठेवितों. “कोणालाही विचार” असें सांगितलें तर मुलगा कोणालाच विचारीत नाहीं. पहिल्या दिवशीं तासातासानें फेरी, दुसऱ्या दिवशीं दोनदां, पुढच्या आठवड्यांत एकदां. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन पंडितानें स्वतःच्याच स्मरणशक्तीवर प्रयोग करून १८८५ सालीं दाखवून दिलें कीं, पाठ केलेलें प्रथम भराभर विसरतें आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. त्यानें निरर्थक अक्षरें पाठ केलीं होतीं आणि आम्ही लोखंड कातीत असतों, एवढा भेद सोडला तरी पहिल्या दिवसांत फेऱ्या अधिक घालाव्यात, हें त्यावरून ध्यानांत येतें.

यावर आमचे कांहीं सहकारी म्हणतात कीं, एवढा वेळ कोणास आहे? माल वेळेवर गेला पाहिजे. आक्षेप खरा आहे, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत तो माझ्याही अंगावर येतो. पण चार दिवस त्या मुलानें यंत्र अडवून ठेविलें होतें, त्या वेळेचा हिशेब कोणीं मागितला नाहीं. शिकविण्याचा वेळ वहींत दिसतो, न शिकविण्याचा दिसत नाहीं, एवढेंच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानांत, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना मांडला, तेव्हां तयार कारागीर तेथें कोठून मिळणार? आजूबाजूच्या खेड्यांतील माणसांमधूनच ते घडवावे लागले. लक्ष्मणराव त्यापूर्वीं मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते, ही गोष्ट मला नेहमीं अर्थपूर्ण वाटते.

पालकांस एक व्यावहारिक सूचना करतों. मुलगा किंवा मुलगी शिकाऊ उमेदवार म्हणून लागणार असेल, तर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणें मालकाशीं लेखी करार व्हावा लागतो. उमेदवार अज्ञान असेल तर पालकाची सही लागते. सही करतांना आपण पगाराचा आंकडा वाचतों. त्याबरोबर शिकविणार कोण, कोणतें काम, किती दिवसांत, हेंही विचारावें. विचारलें म्हणून कोणी रागावत नाहीं. रागावलाच, तर तेंही कळलेलें बरें. आणि मुलांनो, तुम्हांस कोणी चार दिवसांत मठ्ठ ठरविलें, तर काम करतांना मोठ्यानें बोलून पाहा; कोठें अडतें तें तुमच्याच कानांस प्रथम ऐकूं येईल.

तात्या गेल्या वर्षीं ठरल्या दिवशीं निवृत्त झाले. त्यांच्या रकान्यांत आतां राधानगरीच्या मुलाची खूण आहे, आणि त्याची बहीण अकरावींत गेली आहे. तक्ता मात्र अजून भरलेला नाहीं. दांते पाडण्याच्या यंत्राच्या रकान्यांत आजही एकच खूण आहे. ते गृहस्थ छप्पन्न वर्षांचे आहेत, आणि कसें करतां, असें विचारलें कीं “अंदाजानं” एवढेंच सांगतात. गणपति झाले कीं त्यांच्या शेजारीं स्टूल टाकावयाचें ठरविलें आहे.